हौशी सॉफ्टबॉल लीगमधले अंपायर : लेखी परीक्षेत पास होतात, मग मैदानावर का अडखळतात?

प्रश्न थोडक्यात असा होता की हौशी स्लोपिच लीग आहे (म्हणजे बॉल हळू आणि उंच कमानीत टाकायचा सॉफ्टबॉल), अंपायर म्हणजे लीगमधलेच जुने खेळाडू नाहीतर त्यांच्या ओळखीची तरुण पोरं, दर आठवड्याला कॅप्टन लोकांच्या तक्रारी येतात म्हणून कमिटीनं यंदा नियमांची लेखी परीक्षा घेतली, सगळे चांगल्या मार्कांनी पास झाले आणि तक्रारी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. आता परीक्षा अजून कडक करायची की जास्त मानधन देऊन बाहेरचे अंपायर आणायचे?

माझ्या मते आत्ता तरी दोन्ही नको. मी बरीच वर्षं अंपायरिंग करतोय आणि नवीन अंपायर तयार करायचं कामही करतोय. हौशी लीगमध्ये जे कॉल चुकतात त्यातले बहुतेक नियम माहीत नाही म्हणून चुकत नाहीत. अंपायर चुकीच्या जागी उभा असतो किंवा कॉल द्यायची घाई करतो, बस. जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी कागदावर शिकवता येत नाहीत, मैदानावरच घोटून घ्याव्या लागतात, आणि शिकवून झाल्यावर कोणीतरी जाणकार माणसानं मॅच चालू असताना बाजूला थांबून बघावं लागतं. हे बघणं बहुतेक लीगमध्ये होतच नाही. पोराला मास्क आणि इंडिकेटर (बॉल-स्ट्राइक मोजायचं छोटं यंत्र) हातात देतात, एकट्याला मैदानावर सोडतात, आणि त्यानंतर त्याच्याबद्दल काही कानावर येतं ते फक्त हरलेल्या टीमकडून.

साधा ग्राउंडर घ्या, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका. अंपायर एकटा आहे, प्लेटमागे, म्हणजे बॅटर खेळतो त्या होम प्लेटच्या मागे उभा आहे. बॉल शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) गेला, त्यानं उचलला, फर्स्टला थ्रो. आता प्लेटमागून फर्स्ट बेस 60 ते 70 फूट लांब, आणि रनर तिथूनच सरळ पुढं पळत गेलाय म्हणजे अंपायरला दिसतेय त्याची पाठ. पाय बेसवर नेमका कधी पडला ते त्या जागेवरून दिसणं शक्यच नाही, त्यामुळे तिथून दिलेला कॉल हा अंदाज असतो, बरोबर आला तरी अंदाजच. आणि हौशी लीगमध्ये मी जेवढे अंपायर बघतो त्यातले निम्मे तरी अख्खी मॅच प्लेटमागून हलत नाहीत. खेळाडूंना हे लगेच कळतं. कॅप्टन जेव्हा ओरडतो की तुम्ही तिथून काय बघितलं, तेव्हा त्याचा राग आउट-सेफवर कमी आणि अंपायर जागचा हलला नाही यावर जास्त असतो.

अंपायरनं करायचं काय तर बॉल मारला गेला की कॅचरच्या डाव्या बाजूनं बाहेर पडायचं, तिरकं मैदानात आत यायचं आणि थ्रो पोचायच्या आधी थांबायचं. पूर्ण थांबायचं, डोकं स्थिर. पळता पळता बघितलं तर सगळं हलताना दिसतं. पाच-सहा पावलं आत आलं तरी कोन एवढा बदलतो की बेसची कड आणि रनरचा पाय वेगवेगळे दिसायला लागतात. जवळ जाण्यापेक्षा कोन मिळवणं महत्त्वाचं, हे नवीन लोकांना पटायला वेळ लागतो, कारण मनात असं असतं की जितकं जवळ तितकं चांगलं. तसं नाही, फोर्स आउटला (रनरच्या आधी बॉल बेसवर पोचला की आउट) फार जवळ गेलात तर बॉल आणि पाय दोन्ही एका नजरेत मावत नाहीत, टॅगला (बॉल धरून रनरला शिवणं) मात्र जवळ जावं लागतं. मग फर्स्टला डोळे बेसवर ठेवायचे आणि कान थ्रोकडे, म्हणजे पाय बेसला लागताना बघायचा आणि ग्लोव्हमध्ये बॉल बसल्याचा आवाज ऐकायचा, कारण डोळ्यांना एकाच वेळी दोन ठिकाणी बघता येत नाही. आवाज आला की नजर वर, बॉल ग्लोव्हमध्ये टिकलाय ना ते बघायचं, आणि मग कॉल. थ्रो हळू असेल किंवा आजूबाजूला गोंगाट असेल तर कानाचा उपयोग होत नाही, तेव्हा अजून एक पाऊल मागं घेऊन नजर मोठी करायची.

हे शिकवायला मी जो सराव घेतो तो अगदी सोपा आहे. एक शॉर्टस्टॉप, एक फर्स्ट बेसमन, एक रनर. नवीन अंपायरला आधी प्लेटमागेच उभं करायचं आणि काही थ्रोंवर कॉल द्यायला लावायचा, त्या वेळी दुसरा माणूस बेसच्या बाजूला योग्य कोनात उभा राहून स्वतःचा कॉल मनात ठेवतो. मग जागांची अदलाबदल. बोलून जे तासभर पटत नाही ते इथे दहा-पंधरा थ्रोमध्ये पटतं, कारण त्याला स्वतःलाच कळतं की मगाशी आपण ठामपणे आउट म्हणालो होतो पण आपल्याला खरं तर काहीच दिसलं नव्हतं.

घाईचं उदाहरण सांगतो. सेकंड बेसवर टॅग, रनर स्लाइड करून आला, फिल्डरनं ग्लोव्ह खाली घातला, पायाला लागला, आणि एका नवीन मुलीनं लगेच मूठ वर करून आउट दिला. टॅग झाला होता यात शंका नव्हती. पण ग्लोव्ह वर आला तेव्हा बॉल बेसशेजारी मातीत पडलेला होता, आणि तिची मूठ अजून हवेत. तिला नियम माहीत होता, टॅगच्या वेळी बॉल ताब्यात लागतो हे तिनं परीक्षेत लिहिलंही असणार. चुकलं ते अर्ध्या सेकंदानं. तिला नंतर एकच गोष्ट करायला लावली, टॅग झाला की ग्लोव्हमध्ये बॉल शोधायचा, दिसला की मग तोंड उघडायचं, नाही दिसला तर फिल्डरला म्हणायचं बॉल दाखव. ही सवय लागायला काही मॅच गेल्या पण त्यानंतर तिचे सेकंडचे कॉल कोणी वादात ओढले नाहीत. चार गोष्टी कायम समोर हव्यात, बॉल, फिल्डर, रनर आणि बेस. यातली एक जरी पाठीमागे गेली तर तुमची जागा चुकलीये.

दोन अंपायर असतील तर बेस अंपायरला एक सोपा नियम द्या, बॉल आउटफिल्डला गेला की आपण इन्फिल्डच्या (बेसमधल्या चौकोनाच्या) आत यायचं, बॉल इन्फिल्डमध्येच राहिला तर बाहेर थांबायचं. एवढं जमलं तरी निम्मं काम होतं.

आता स्ट्राइक झोन, म्हणजे बॅटरनं न मारताही बॉल स्ट्राइक धरायचा तो पट्टा. स्लोपिचमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा इथेच होतो आणि कारण अगदी ठरलेलं असतं. बॉल वरून खाली येतो, त्यामुळे नवीन अंपायर तो कॅचरनं कुठे पकडला किंवा मातीत कुठे पडला ते बघतो. यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमाप्रमाणे झोन म्हणजे बॅटरच्या मागच्या खांद्यापासून पुढच्या गुडघ्यापर्यंत, आणि तोही बॉल प्लेटवर असताना. उंच आर्कचा (कमानीचा) बॉल एवढा तिरका खाली येतो की प्लेटवरून गुडघ्याच्या उंचीनं गेलेला बॉल प्लेटच्या अगदी जवळ मागे पडतो, आणि बराच मागे पडलेला बॉल प्लेटवर खांद्यापाशी असू शकतो. म्हणजे पडलेली जागा बघून कॉल दिला तर प्रत्येक पिचरच्या आर्कप्रमाणे झोन बदलत राहणार, आणि बॅटर म्हणणार की हा अंपायर मनाला येईल तसं देतो. त्याचं म्हणणं खोटं नसतं.

आर्कचंही तसंच. यूएसए सॉफ्टबॉलमध्ये पिच जमिनीपासून किमान 6 फूट वर गेली पाहिजे आणि 10 फुटांच्या वर जाता कामा नये. ही उंची डोळ्यांनी ओळखणं कोणालाही जन्मतः येत नाही. दोन उंच काठ्या घ्या, त्यांना 6 आणि 10 फुटांवर रंगीत टेप लावा, पिचर आणि प्लेटच्या मध्ये दोन्ही बाजूंना उभ्या करा, पिचरला टाकत राहू द्या आणि अंपायरला प्लेटमागून फक्त एवढंच बोलायला लावा, खाली, बरोबर, वर. मग काठ्या काढून टाका आणि परत तेच. एका संध्याकाळी नजर बरीच बसते. आणि हे पण शिकवा की इल्लीगल पिच असेल तर बॉल हवेत असतानाच बॅटरला ऐकू जाईल असं 'इल्लीगल' म्हणायचं, बॅटरनं स्विंग केला तर जे होईल ते धरायचं, नाही केला तर स्ट्राइकऐवजी 'बॉल' द्यायचा. पिच पडल्यावर, बॅटर वैतागल्यावर इल्लीगल म्हणणारा अंपायर दोन्ही टीमना नकोसा होतो.

काही लीग प्लेटमागे मॅट टाकतात, कायदेशीर पिच मॅटवर पडली की स्ट्राइक. जुन्या लोकांना हे आवडत नाही, खरा झोन राहत नाही म्हणतात. मला एकट्या अंपायरच्या हौशी लीगसाठी मॅट फार चांगली वाटते, कारण वादाचा सगळ्यात मोठा विषय जातो आणि अंपायरचं डोकं बेसकडे लक्ष द्यायला मोकळं राहतं. अंपायर कमी आणि नवीन असतील तर मॅट टाकाच.

नियम अजिबात शिकवू नका असं मी म्हणत नाहीये. पण कोणते नियम मैदानावर अडतात ते बघून शिकवा, आणि बसून नाही, उभं राहून, खऱ्या बेसवर खरे रनर ठेवून. माझ्या अनुभवात तीन जागा कायम अडतात.

पहिली, ऑब्स्ट्रक्शन. हौशी लीगमध्ये फर्स्ट बेसमन बॉल नसताना बेसवर पाय रोवून उभा असतो, रनर त्याला वळसा घालून जातो किंवा त्याला धडकतो, आणि अंपायर काही बोलत नाही कारण त्यानं मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलं की नाही याचा इथे संबंधच नाही. बॉल ताब्यात नाही, मारलेला बॉल अडवायलाही तो गेलेला नाही आणि रनरला अडथळा झाला, की ऑब्स्ट्रक्शन. डावा हात आडवा बाहेर काढायचा, मूठ बंद, खेळ चालू ठेवायचा आणि प्ले संपल्यावर अडथळा नसता तर रनर जिथे पोचला असता तो बेस द्यायचा. नवीन अंपायर एकतर काहीच करत नाहीत नाहीतर लगेच टाइम म्हणून खेळ थांबवतात. हा कॉल मी सगळ्यात जास्त लावून धरतो कारण यात माणसं जखमी होतात. दोन-तीन आठवडे सगळ्या अंपायरनी सारखा दिला की फिल्डर आपोआप बेसवरून बाजूला व्हायला लागतात.

दुसरी, थ्रो मैदानाबाहेर जाणं. प्रत्येक लीगमध्ये 'एक प्लस एक' चालतं, म्हणजे जातोय तो बेस आणि वर एक. सॉफ्टबॉलचा नियम वेगळा आहे. थ्रो फिल्डरच्या हातातून सुटला त्या क्षणी रनर ज्या बेसला शेवटचा टच झाला होता तिथून दोन बेस. शॉर्टस्टॉपचा थ्रो सुटला तेव्हा बॅटर अजून फर्स्टला पोचला नव्हता तर त्याला सेकंड मिळणार, बॉल बाहेर जाईपर्यंत तो फर्स्टच्या पुढे गेला असला तरी सेकंडच. म्हणजे थ्रो सुटताना रनर कुठे होते ते अंपायरनं नजर टाकून ठेवलं पाहिजे, आणि ती सवय पुस्तक वाचून लागत नाही. मैदानावर रनर उभे करा, मुद्दाम वाईट थ्रो मारा, आणि प्रत्येक वेळी रनर कुठे पाठवायचे ते विचारा.

तिसरी, इन्फिल्ड फ्लाय, म्हणजे बॉल पकडला नाही तरी बॅटर आउट द्यायचा कॉल. दोनपेक्षा कमी आउट, फर्स्ट-सेकंडला रनर किंवा तिन्ही बेस भरलेले, आणि साधा उंच फ्लाय जो इन्फिल्डर सहज पकडू शकतो. हे सगळ्यांना पाठ असतं. मैदानावर चूक होते ती वेळेची, बॅटला लागल्या लागल्या ओरडतात आणि वाऱ्यानं बॉल भलतीकडे जातो, किंवा बॉल जमिनीवर पडल्यावर ओरडतात आणि तोवर रनर पळालेले असतात. बॉल सगळ्यात वर पोचला की खाली बघायचं, फिल्डर स्थिरावलाय का, आणि तेव्हा मोठ्यानं द्यायचा. रेषेजवळ असेल तर 'फेअर असेल तर' हे शब्द जोडायचे.

लीगचे स्वतःचे जे नियम असतात, होम रनची मर्यादा, किती रनच्या फरकानं मॅच संपवायची, करटसी रनर (दुसऱ्याऐवजी पळणारा), मिक्स टीमची बॅटिंग ऑर्डर, ते एका कागदावर छापून प्रत्येक अंपायरच्या खिशात द्या. जो माणूस दोन-तीन लीगमध्ये उभा राहतो त्याची इथे हमखास गल्लत होते.

मॅचआधीचं काम पण शिकवणीत घ्या. बॅट बघणं, बेस घट्ट आहेत का, मैदानात खड्डा-काच आहे का, वीज कडाडली तर शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1986-87 मध्ये हौशी सॉफ्टबॉलच्या मॅचेसवर अभ्यास झाला होता, धडकल्यावर निघून येणारे बेस वापरले तर स्लाइड करताना होणाऱ्या दुखापती 96 टक्क्यांनी कमी झाल्या. बेस कोणते घ्यायचे ते कमिटीच्या हातात आहे, पण मॅचच्या दिवशी ते नीट बसवलेत की नाही ते अंपायरनंच बघायचंय.

आता कॅप्टनशी बोलणं. याचं ट्रेनिंग कोणीच देत नाही आणि नवीन पोरं सोडून जातात ती मुख्यतः यामुळेच. अमेरिकेत शाळांच्या खेळांचं बघणाऱ्या एनएफएचएस संस्थेनं सांगितलंय की 2018-19 ते 2021-22 या काळात त्यांच्याकडचे सुमारे 50 हजार अंपायर-रेफरी काम सोडून गेले. त्यात कोविडचाही भाग होता, पण लोकांची वागणूक हे कारण सगळीकडे ऐकू येतं. म्हणून सरावातच एकाला कॅप्टन करा आणि त्याला तावातावानं यायला सांगा.

'सर, फिल्डरनं बेसवरून उचलला होता पाय!'

'कॅप्टन, मी आत होतो, बॉल आला तेव्हा पाय बेसवर होता. सेफ-आउट हा माझा निर्णय आहे, त्यावर प्रोटेस्ट होत नाही.'

एवढंच. दोन वाक्यं, शांत आवाज, आणि परत जागेवर. मी काय बघितलं ते सांगायचं, तुम्हाला कळत नाही असं सुचवायचं नाही. प्रोटेस्ट (रीतसर हरकत) होतो तो नियम चुकीचा लावला तर, आणि पुढची पिच पडायच्या आधी सांगावा लागतो. हा फरक अंपायरला स्पष्ट असेल तर तो अर्ध्या वादांत अडकतच नाही, आणि नियमाची शंका खरी असेल तर टाइम घेऊन पुस्तक बघायला किंवा जोडीदाराला बाजूला नेऊन विचारायला त्याला कमीपणा वाटत नाही. फ्लाय पकडायच्या आधी सोडलेला बेस किंवा चुकवलेला बेस यांसारख्या अपीलच्या गोष्टी कोणी मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, हे पण इथेच सांगा, कारण नवीन अंपायर मदत म्हणून आपणहून बोलतो आणि फसतो.

पण अंपायरनं शांत राहायचं आणि लीगनं हात वर करायचे असं चालत नाही. बोलायचं फक्त कॅप्टननं, शिवी दिली की बाहेर, आणि बाहेर काढलेला खेळाडू पुढच्या मॅचला आपोआप बसणार, कमिटीत कोणाचा मित्र असला तरी. ज्या लीगमध्ये अंपायरनं बाहेर काढलेला माणूस पुढच्या आठवड्यात हसत खेळायला येतो तिथे चांगला अंपायर टिकणार नाही, तुम्ही ट्रेनिंग कितीही द्या.

अजून एक, नवीन अंपायरला सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये एकटं पाठवायची पद्धत आहे. खालच्या डिव्हिजनला दडपण कमी असतं हे खरं, पण प्ले सगळ्यात विचित्र तिथेच होतात. थ्रो कुठेही जातात, दोन रनर एकाच बेसवर, कोणी बेसच चुकवतो, कोणाला आउट झालोय ते कळत नाही. वरच्या डिव्हिजनचे खेळाडू थ्रो नीट मारतात त्यामुळे प्ले स्वच्छ असतात, कॉल फक्त जवळचे असतात. म्हणून सुरुवातीला नवीन माणसाला जोडीनं बेसवर ठेवा, प्लेटमागे अनुभवी माणूस, आणि इनिंग बदलताना दोन वाक्यं बोलू द्या.

शेवटी पैशाचा प्रश्न. बाहेरचे दहा अंपायर आणायला जेवढे पैसे लागतील त्यापेक्षा खूप कमी पैशात एक चांगला अनुभवी अंपायर फक्त बघायला बोलवता येतो. त्याला कॉल द्यायला लावू नका. दर आठवड्याला दोन-तीन मॅच बघू द्या आणि प्रत्येक अंपायरबद्दल फक्त चार गोष्टी लिहायला सांगा, बॉल मारल्यावर हलला का, प्लेच्या वेळी थांबलेला होता का, कॉल द्यायच्या आधी बॉल बघितला का, आवाज आणि हात सगळ्यांना कळले का. किती कॉल बरोबर किती चूक हे मोजायला सांगू नका, कुंपणाबाहेरून त्यालाही तो कोन मिळत नाही. फोननं व्हिडिओ काढला तरी तो जागा आणि हालचाल बघायला वापरा, जवळचे आउट-सेफ ठरवायला नको. मॅच संपल्यावर त्याच दिवशी अंपायरला बाजूला घेऊन एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट सांगा, पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. मानधन वाढवायचं असेल तर सरसकट वाढवू नका, जे सरावाला येतात आणि आपलं काम जाणकाराला बघू देतात त्यांचं वाढवा. कॅप्टनकडून अभिप्राय घ्यायचाच असेल तर मॅचनंतर लगेच न घेता दोन दिवसांनी घ्या, जिंकलेल्या आणि हरलेल्या दोन्ही टीमकडून, आणि विचारा की अंपायर जागेवर होता का, बोलण्यात नीट होता का. दोन्ही टीम एकच गोष्ट सांगत असतील तर ती पुढच्या सरावात घ्या.